खुर्चीवरची फुली

“सोमवारपासून टेबल माझं,” बायकोने जाहीर केलं. “आठ जणी येणार आहेत शिवण शिकायला. दहा ते पाच. तुम्ही तुमचं ते कॉम्प्युटरचं बिऱ्हाड उचला आणि जा एकदाचे ऑफिसात.”

परिपत्रकरावांनी कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. साथीची दोन वर्षं त्यांनी या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून ऑफिस केलं होतं आणि दुसऱ्या टोकाला बायको शिवत बसली होती. पहिल्या महिन्यात तिने घरच्यांसाठी मास्क शिवले, दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांसाठी, आणि मग फोनवरून बायकांना फ्रॉक बेतायला शिकवू लागली. कापड दर महिन्याला चार बोटं पुढे सरकत होतं आणि परिपत्रकराव चार बोटं मागे. शेवटी शेवटी तर त्यांचा एकच हात टेबलावर मावत होता.

पण त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण ऑफिसात त्यांची खुर्ची होती. खिडकीजवळची, तपकिरी रेक्झिनची, डावा हात झिजलेली. तेरा वर्षं ते तिच्यात बसून आवक-जावक नोंदवही लिहीत होते. आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक, दोन्ही त्यांच्याच हातचे. घरात ते नुसते ‘अहो’ होते, रस्त्यात ‘काका’ होते. त्या खुर्चीत बसले की मात्र त्यांच्याशिवाय कागद हलत नसे. परिपत्रकराव हे नाव त्यांना ऑफिसनेच ठेवलं होतं, चेष्टेने. त्यांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं होतं.

सोमवारी ते दोन मास्क लावून बसमध्ये चढले. चार सीटा रिकाम्या होत्या, पण चारींवर साथीच्या काळातल्या विटक्या फुल्या होत्या. बाकीच्या फुल्यांवर लोक खुशाल बसले होते.

“बसा की काका,” कंडक्टर म्हणाला. “ते सगळं संपलं आता.”

“संपलं असं लेखी आलंय का?”

“लेखी? मला तर पगारवाढीचंही कधी लेखी आलं नाही.”

“मग मी उभाच बरा,” परिपत्रकराव म्हणाले आणि एकोणीस थांबे दांडीला लोंबकळत राहिले.

ऑफिसच्या फाटकावर वॉचमनने त्यांच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखलं आणि “छत्तीस” असं सांगून टाकलं.

“अहो, यात आकडाच दिसत नाही.”

“सेल संपलेत. सहा महिने झाले. पण मोजणं थांबवा असं मला कुणी सांगितलेलं नाही.”

या माणसाविषयी परिपत्रकरावांना एकदम आदर वाटला. दोन जिने चढून ते आपल्या खिडकीपाशी पोचले, पिशवी टेबलावर ठेवली, पँट किंचित वर ओढून बसायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

खुर्चीवर बशीएवढी लाल फुली होती. खाली छापलं होतं : ‘या खुर्चीवर बसू नये. ही फुली समितीच्या लेखी ठरावाशिवाय काढू नये. आदेशावरून, सदस्य-सचिव, अंतर पालन समिती.’

सदस्य-सचिव ते स्वतःच होते. दोन वर्षांपूर्वी एक सोडून एक खुर्चीवर फुली लावायचं ठरलं, तेव्हा मजकूर त्यांनीच तयार केला होता. नमुना म्हणून पहिली फुली स्वतःच्या खुर्चीवर, नोंदवह्या बांधायच्या डिंकाने, चारी कोपरे दाबून त्यांनीच चिकटवली होती. त्याच संध्याकाळी ऑफिस बंद झालं. नंतर आळीपाळीने काही दिवस यावं लागलं, तेव्हा ते दुसऱ्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसून गेले. आता सगळेच आले होते आणि रिकामी खुर्ची एकही नव्हती.

इतरांच्या फुल्या केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. कुणी नखाने खरवडल्या होत्या, कुणी वर उशी टाकली होती.

“ओढा आणि फेका,” शेजारच्या टेबलावरचा भांडारपाल म्हणाला.

“ठरावाशिवाय?”

“मग नका फेकू. तिच्यावरच बसा.”

“त्याला शिस्तभंग म्हणतात.”

“अहो, पण तो नियम तुम्हीच केला होता ना?”

“म्हणूनच,” परिपत्रकराव म्हणाले.

त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच अर्ज लिहिला. ‘मला माझ्या खुर्चीवर बसण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’ नोंदवही उघडून त्या अर्जाला आवक क्रमांक दिला, शिक्का मारला आणि अर्ज घेऊन ते अधीक्षकबाईंच्या खोलीत गेले.

अधीक्षकबाई साथीच्या आधी टायपिस्ट होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि तिसऱ्यांदा वाचला.

“परिपत्रकराव, तुम्ही न विचारता बसला असतात तर मला ती फुली दिसलीसुद्धा नसती.”

“पण मी विचारलं.”

“विचारलंत. वर आवक क्रमांक घातलात. आता हा कागद मी गिळू का? आता याच्यावर निर्णय घ्यावा लागणार, आणि निर्णय घ्यायचा तर नियम बघावा लागणार.” बाई जराशा हसल्या. “त्या दिवसांत माझ्या सँडलचा पट्टा तुटला होता. तो लावायला मी पाच मिनिटं फुलीच्या खुर्चीवर टेकले, तर मला मेमो मिळाला होता. आठवतंय?”

“चार मिनिटं,” परिपत्रकराव म्हणाले. “मी अहवालात चारच लिहिली होती.”

बाईंचं हसू मावळलं. “ठराव आणा,” त्या म्हणाल्या. “आणि अकराची फेरी लक्षात आहे ना?”

ती कोण विसरणार? दोन वर्षांनी भेटलेली माणसं जिन्यात गप्पा मारत उभी राहतील म्हणून बाईंनी नवा हुकूम काढला होता. अकरा वाजता जो आपल्या जागेवर बसलेला असेल तोच हजर. सलग तीन दिवस गैरहजर दिसेल त्याची बदली गावाबाहेरच्या गोदामात, दोन बस बदलून. परिपत्रकरावांना तो हुकूम फार आवडला होता. त्यांनी तो घरूनच मोठ्या अक्षरात टाइप करून पाठवला होता.

त्या दिवशी अकरा वाजता बाई फेरीला आल्या, तेव्हा परिपत्रकराव खुर्चीशेजारी ताठ उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं : गैरहजर.

“बाई, मी इथेच आहे.”

“आहात. बसलेले नाही आहात.”

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष म्हणजे आता निवृत्त झालेले मोठे साहेब, सभासद म्हणून वॉचमन, कारण तापमान त्याच्याकडे, आणि तिसरे परिपत्रकराव. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते ठराव लिहून घेऊन साहेबांच्या घरी गेले. दार उघडलं नाही. दोन वर्षांत ते कुणासाठीच उघडलं नव्हतं. साहेबांनी खिडकीतून झाडूच्या दांड्याला बांधलेली टोपली बाहेर काढली.

“कागद टाका यात. सही उद्या याच वेळी मिळेल.”

“साहेब, सहीला एक मिनिट लागेल.”

“बाहेरून आलेला कागद हाती घेण्यापूर्वी एक दिवस वेगळा ठेवावा. समितीचं कलम सात. तुमचंच कलम आहे. उत्तम आहे. मी घरातसुद्धा पाळतो. वर्तमानपत्र रोज कालचं वाचतो.”

कलम सात परिपत्रकराव साफ विसरले होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी हिशेब मांडला. साहेबांचा एक दिवस, वॉचमनचा एक दिवस. म्हणजे बुधवारी दुपारी बारा वाजता ठराव हातात येणार आणि बुधवारचे अकरा त्याच्या आधी तासभर वाजणार. पायांत गोळे आले होते, समोर फुली असलेली सीट रिकामी होती आणि या एवढ्या मोठ्या जगात आपल्याला टेकायला एक हक्काची जागा नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. चष्म्यावर आधीच मास्कची वाफ होती, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

घरी सांगायची सोय नव्हती. “कसं वाटलं खुर्चीत बसून?” बायकोने विचारलं.

“बरं वाटलं,” ते म्हणाले आणि पाय शेकायला गरम पाणी मागितलं.

“बसून बसून पाय कसे दुखले?”

“सवय गेली बसायची,” परिपत्रकराव म्हणाले. निदान हे तरी खोटं नव्हतं.

मंगळवारी दुसरी गैरहजेरी लागली. साडेअकरा वाजता साहेबांच्या टोपलीतून सही आली. तिला सॅनिटायझरचा असा काही वास येत होता की बसमध्ये समोरच्या सीटवरचा माणूस उठून पुढे गेला. बाराच्या ठोक्याला ठराव फाटकावरच्या पेटीत पडला, कलम सातप्रमाणे.

बुधवारी पावणेअकरा वाजता परिपत्रकराव त्या पेटीसमोर उभे होते. पेटीला कुलूप नव्हतं. झाकणाच्या फटीतून ठरावाचा कोपरा दिसत होता.

“घ्या की काढून,” वॉचमन म्हणाला. “मी आत्ता सही करतो. सव्वा तासाने काय बिघडणार आहे? कोण बघतंय?”

परिपत्रकरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हात पेटीपर्यंत गेलाही. एका सँडलच्या तुटलेल्या पट्ट्याची चार मिनिटं त्यांनी घड्याळ लावून मोजली होती. आता स्वतःसाठी सव्वा तास सोडून द्यायचा?

“मी बघतोय ना,” ते म्हणाले आणि हात मागे घेतला.

अकराचे ठोके पडले. वरच्या खिडकीत बाईंची फेरी संपताना दिसली. बाराला वॉचमनने सही केली, त्याखाली परिपत्रकरावांनी स्वतःची केली आणि दोन जिने चढून ते खुर्चीपाशी आले. सगळं ऑफिस उठून बघायला जमलं. त्यांनी ठराव मोठ्याने वाचून दाखवला, मग फुलीचा एक कोपरा चिमटीत धरून ओढला.

डिंक पक्का होता. फुली निघाली, पण तिच्याबरोबर रेक्झिनही निघालं. रेक्झिनखालचा फोम दोन वर्षांत कुजून भुगा झाला होता, तो फसकन खाली सांडला. खुर्चीत उरल्या फक्त चार स्प्रिंगा. कुणी हसलं नाही. हसले असते तर परिपत्रकरावांना बरं वाटलं असतं.

अधीक्षकबाईंनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर बदलीचा हुकूम सही होऊन पडला होता.

“मला वाईट वाटतंय,” बाई म्हणाल्या आणि त्यांना खरंच वाटत असावं. “सोमवारी मला जरा मजा वाटत होती. आज नाही वाटत. पण तीन दिवस भरले. माझाही नियम आहे.”

“नियम बरोबर आहे,” परिपत्रकराव म्हणाले. हुकूम वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण बाई, यावर जावक क्रमांक नाही.”

“तो तुम्हीच घालता.”

“मी घालतो. पण मी आज गैरहजर आहे. गैरहजर माणसाने नोंद केली तर ती बाद होते. आणि जावक क्रमांक नसलेला हुकूम लागू होत नाही.”

बाईंनी डोकं हातात धरलं. “मग उद्या हजर राहून घाला.”

“उद्या बसू कुठे? खुर्ची नाही. न बसता हजर होता येत नाही.”

“नवी खुर्ची मागवते मी!”

“मागणीपत्रालाही जावक क्रमांक लागतो,” परिपत्रकराव अतिशय दुःखाने म्हणाले.

बाईंना एकदा वाटलं, हा माणूस आपल्याला कोंडीत पकडतोय. पण त्यांच्याकडे पाहिल्यावर कळत होतं की तो स्वतःच आत अडकलाय आणि बाहेरून कडीही त्यानेच लावलीय.

“तुम्ही घरी जा,” शेवटी बाई हळूच म्हणाल्या. “पुढचं सांगेपर्यंत घरीच थांबा. आणि परिपत्रकराव, कृपा करून हे लेखी मागू नका.”

तीन वाजता ते घरी आले. शिवणक्लास रंगात आला होता. टेबलावर कापडाचे ढीग होते, यंत्रं खडखडत होती, आठ जणी माना खाली घालून बेतत होत्या. एक बिचारी स्टुलावर अवघडून बसली होती. आणि खिडकीजवळ एक खुर्ची रिकामी होती. परिपत्रकराव तिच्याजवळ गेले. खुर्चीवर शिवणाच्या खडूने पांढरीशुभ्र फुली मारलेली होती.

ते पिशवी छातीशी धरून भिंतीला लागून उभे राहिले.

“काका, बसा ना,” स्टुलावरची म्हणाली.

“नको, नको. चालू द्या तुमचं.”

बायकोने दोनदा मान वर करून पाहिलं, पण तिच्या तोंडात टाचण्या होत्या. चार वाजले. साडेचार वाजले. पाचला एकेक जण निघाली, यंत्रं थांबली, तेव्हा बायकोने टाचण्या डबीत ठेवल्या आणि कमरेवर हात ठेवून ती त्यांच्यासमोर आली.

“दोन तास उभे! काय झालंय तुम्हाला? समोर खुर्ची दिसत नव्हती?”

“फुली होती,” परिपत्रकराव म्हणाले.

“हो, मीच मारलीय. आठ जणी आणि तुमची धरून खुर्च्या आठ. सोमवारपासून सगळ्या टपून आहेत तिच्यावर. म्हणून आज खूण करून ठेवली, कुणी बसू नये म्हणून. एकीला स्टुलावर बसवलं पण ही नाही दिली. तुम्ही दमून घरी यायचे आणि तुम्हालाच जागा नाही, असं कसं चालेल?”

परिपत्रकराव वाकले आणि सवयीने त्यांनी फुलीच्या खाली पाहिलं. तिथे मजकूर नव्हता. सही नव्हती, शिक्का नव्हता.

“यावर लेखी काही नाही,” ते कसंबसं म्हणाले.

“बसा,” बायको म्हणाली.

परिपत्रकराव बसले. उठल्यावर पँटवर फुली उमटलेली दिसणार, हे बसल्याबसल्याच त्यांच्या लक्षात आलं. पण बराच वेळ ते उठले नाहीत.