जोमादादाची मंडळी

जोमादादा सगळ्या माणसांना 'अरे-तुरे' करतो आणि सगळ्या जनावरांना 'अहो-जाहो'. मला, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, मत मागायला आलेल्या उमेदवाराला, पोलिसाला, सगळ्यांना एकच 'तू'. आणि त्याच्या म्हशीसमोर उभा राहिला की लगेच आवाज खाली. "आक्का, पानी पिल्या का तुमी?"

शहाडला नदीच्या बाजूला आमची सात मजली बिल्डिंग आहे. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे जोमादादाची एकरभर जागा. पूर्वी तिथे भात व्हायचं. आता एक गोठा, दोन आंबे, थोडा भाजीपाला आणि त्याची मंडळी. 'मंडळी' हा त्याचाच शब्द. तीन म्हशी, गाडी राहिली नाही तरी राहिलेला दाजी नावाचा बैल, सहा शेळ्या आणि बदकांचा एक घोळका. आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात मी दुधाची चौकशी करायला गेलेलो. मी म्हशीकडे बोट दाखवून, "ही किती दूध देते?" असं विचारलं. जोमादादाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मास्तर हाईस ना तू? मग नीट विचार. ह्या किती दूध देतात."

मी कल्याणच्या शाळेत गणित शिकवतो. तीस वर्षांत माझं व्याकरण कोणी सुधारलेलं नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरचीही तीच गत झाली. तो येऊन, "काय झालंय हिला?" म्हणाला, तर जोमादादाने त्याला गोठ्याबाहेर नेऊन समजावलं आणि परत आत आणलं. ते डॉक्टर आता आसपासच्या सगळ्या गोठ्यांत म्हशींना 'तुम्ही' म्हणतात असं ऐकतो. सवय लागली म्हणे.

एकदा जागेच्या व्यवहारासाठी एक बिल्डरचा माणूस आलेला. चकचकीत बूट, काखेत नकाशांची गुंडाळी. जोमादादाने त्याला वीस मिनिटं उभं ठेवलं, कारण दाजींचं जेवण चाललेलं. मग नकाशा खाटेवर पसरला. तो माणूस उत्साहाने दाखवत होता, हा तुमचा फ्लॅट, ही बाल्कनी, इथे गार्डन. जोमादादा चष्मा लावून बराच वेळ बोट फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "माजा दावलास. आक्कांचा कनचा?" त्या माणसाला वाटलं घरात कोणी म्हातारी बहीण असेल. तो म्हणाला, त्यांनाही देऊ ना, ग्राउंड फ्लोअरला. तेवढ्यात गोठ्यातून आक्का रेकल्या आणि सगळा उलगडा झाला. तो पुन्हा आला नाही.

मी त्याला एकदा विचारलंच की हा उलटा न्याय कसा. दादा, माणसांना तू आणि जनावरांना तुम्ही? तो शेळीच्या पायातला काटा काढत होता. काटा निघाला. मग म्हणाला, "मानसाला तोंड हाय. मान पायजे तं तो मागून घेल. ह्यांना मागता येत नाय. ज्याला मागता येत नाय, त्याला आपून होऊन द्याला लागतं." आणि तो दुसरा पाय बघायला लागला. इतकं साधं उत्तर मला सुचलं नसतं.

आक्का म्हणजे त्याची सगळ्यात जुनी म्हैस. चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे गेले. दूध आधीच आटलेलं. गावातल्या लोकांनी काय ते सल्ले दिले. जोमादादाने दुसऱ्या दिवसापासून तिला जागा शिकवायला सुरुवात केली. सकाळी सहाला मी चहा घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसायचो तेव्हा खालून त्याचा आवाज यायचा. तो तिच्या शिंगाला हातही लावायचा नाही. नुसता पुढे चालत बोलायचा. "डावीकरं आंबा हाय आक्का. आता उतार लागल, हलू या. दाजी बसलेत मधी, वलसा घाला." आणि ती एवढी थोरली म्हैस दाजींना वळसा घालून जायची. तीन महिन्यांत ती त्या एकरात डोळस जनावरासारखी फिरायला लागली. मी वर्गातल्या पोरांना वर्षभर त्रिकोण शिकवतो आणि परीक्षेत ती चौकोन काढतात. त्या सकाळी मी चहा गार होईपर्यंत बघत बसायचो.

मग तो पाऊस झाला. तीन दिवस तुटून पडत होता, आणि चौथ्या दिवशी सकाळी नदी जोमादादाच्या जागेत आली. नऊ वाजता भाजीच्या वाफ्यात होती, दहाला गोठ्याच्या दारात. आमची बिल्डिंग जरा उंचावर. भिंतीच्या टोकाला एक मागचं फाटक आहे, तिथून उतार चढून आलं की आमचं पार्किंग. जोमादादा त्या फाटकात येऊन उभा राहिला आणि सेक्रेटरींना म्हणाला, "मंडली आनतंय. जागा कर."

आमचे सेक्रेटरी नाईकसाहेब हे कुंडीतलं पाणी गळलं तरी नोटीस काढणारे गृहस्थ. त्यांनी आधी स्वतःची गाडी बाहेर काढली. ते बघून बाकीच्यांनी काढल्या. अर्ध्या तासात आमच्या पार्किंगमध्ये दोन म्हशी, दाजी, शेळ्या आणि बदकं. बदकं 'फक्त रहिवाशांसाठी' असं लिहिलेल्या पाटीखाली बसली.

आक्का आल्या नाहीत. जोमादादा शेवटची शेळी खांद्यावर घेऊन येत असताना कुंपणाचे बांबू तुटून वाहत आले आणि तिच्या अंगावर आदळले. ती बिथरली आणि उलट्या बाजूला, नदीकडे गेली. तिकडे जुन्या पंपघराचा चौथरा आहे, त्यावर चढून उभी राहिली. आता ती आणि आमची भिंत यांच्यामध्ये शंभरेक फूट पाणी होतं, तेही वाहतं. जोमादादा पाण्यात उतरायला निघाला. चार जणांनी त्याला धरलं. सत्तरीला आलेला माणूस, पण चौघांना आवरेना. मग एकदम तो स्वतःच थांबला. भिंतीवर चढला, पाय खाली सोडून बसला आणि बोलायला लागला.

ओरडला नाही. रोज सकाळी बोलायचा तसाच. पण पावसात आणि आमच्या जनरेटरच्या घरघरीत त्याचा आवाज आम्हालाच नीट येत नव्हता, तिला काय जाणार. नाईकसाहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी जनरेटर बंद करायला लावला. मग बाल्कन्यांतून बघणाऱ्या सात मजल्यांना त्यांनी खालून हाताने खूण केली, गप्प राहा. माणसं गप्प झाली. कडेवरची मुलंसुद्धा.

आता त्याचं बोलणं ऐकू येत होतं. तो तिला काहीबाही सांगत होता. दाजी पोचले, वैनी नावाच्या शेळीने कुणाची तरी कुंडी खाल्ली, पुतण्याच्या लग्नात जेवण कसं अळणी होतं, डॉक्टर परवा येणार आहे. मध्येच म्हणायचा, "मी इकरं हाय. घाई नाय. तुमाला वाटल तवा या." आक्काने मान वळवली. कान आवाजाकडे. पाणी तिच्या पोटाला लागलेलं. अर्धा तास ती हलली नाही आणि अर्धा तास तो थांबला नाही.

मग ती पाण्यात उतरली.

प्रवाहाने तिला लगेच बाजूला ओढलं. फक्त नाक आणि शिंगं दिसत होती. ती वाहत चाललेल्या बाजूला जोमादादाही भिंतीवरून बसल्या बसल्या सरकायला लागला, हातांवर जोर देत, बोलणं न तोडता, म्हणजे आवाज कायम तिच्या समोर राहील. त्याच्या मांड्या सोलवटल्या ते आम्हाला नंतर कळलं. ती आवाजाकडे तोंड करून पोहत होती. डोळ्यांनी काहीच दिसत नसलेलं एक जनावर पुराच्या पाण्यातून नुसत्या एका माणसाच्या गप्पांच्या दिशेने येत होतं. मी बाल्कनीचा कठडा घट्ट धरला होता. शेजारी माझी बायको सुनंदा उभी होती, तिने माझा दंड धरला होता. मी फार देवधर्म करणारा नाही. पण त्या वेळी माझे हात आपोआप जोडले गेले.

फाटकापाशी तिचे पाय उताराला लागले. ती वर आली आणि थरथरत उभी राहिली. जोमादादा भिंतीवरून उतरला, तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाला, "भिजल्या तुमी." मग आमच्याकडे वळून, "बगत काय राह्यलाव? गोनपाट आना."

पाणी दोन दिवसांनी उतरलं. त्याच्या घरात गुडघाभर चिखल होता, चूल पेटण्यासारखी नव्हती. सुनंदा त्याला दुपारी जेवायला घेऊन आली. इतक्या वर्षांत तो आमच्या घरी पहिल्यांदाच येत होता. सोफ्यावर बसेना. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून जमिनीवर बसला. बायको जाऊन अकरा वर्षं झालीत, मुलगा माजिवड्याला राहतो, सुट्टीला फोन करतो, एवढं आम्हाला माहीत होतं. तो पोटभर जेवला आणि तिथेच बसून राहिला.

आम्ही आवराआवर करत होतो. माझा मामेभाऊ आमच्याकडे येऊन राहिला तो गणपतीत की दिवाळीत, यावरून आमचं सुरू झालं. सुनंदा म्हणत होती गणपतीत, मी म्हणत होतो दिवाळीत. बोलता बोलता मी पाहिलं तर जोमादादाची मान छातीवर आलेली, डोळे मिटलेले. मी सुनंदाला खुणावलं. आम्ही गप्प झालो.

त्याने डोळे उघडले.

"थांबलाव कशाला?" तो म्हणाला. "बोला की."

सुनंदा म्हणाली, दादा, तुमची झोपमोड नको.

"झोप त्यानंच लागली." त्याने पाय पसरले. "घरान दोन मानसं बोलताना आयकून लय वर्सं झाली. मी बोलतंय दिसभर. पन जबाब कोन देनार?" हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. एवढं बोलून पुन्हा डोळे मिटले.

सव्वीस वर्षांच्या संसारानंतर मुद्दाम बोलायचं म्हटलं की काही सुचत नाही. सुनंदाने जाऊन दाराच्या बेलचं बटण बंद केलं, परत आली, ओट्याला टेकली आणि मला म्हणाली, "बरं, दिवाळीत तर दिवाळीत. मग काय झालं त्या मामेभावाचं? पहिल्यापासून सांग."

तो किस्सा तिला पाठ होता. मी पहिल्यापासून सांगायला लागलो.