चिमाजींची पावलं

हृदय अशक्त झालं असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चालायचं, दम लागला तर थांबायचं, असं नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी चिमाजींना नीट समजावलं होतं. चिमाजींनी त्यातलं 'अशक्त' आणि 'थांबायचं' एवढंच ध्यानात ठेवलं. दवाखान्यातून पिंपरी पेंढारला परतले ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले, आणि दोन महिने झाले तरी तिथंच. खोकायचं झालं तरी जपून खोकत.

"हाललं की आत काहीतरी निसटंल असं वाटतं," ते बायकोला, झुंबरबाईला, सांगत. चाऱ्याचा भारा आणताना बांधावरच ते कोसळले होते. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या पायांवरचा विश्वासच उडाला होता.

मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत होता. त्याने पावलं आणि छातीचे ठोके मोजणारं घड्याळ वडिलांच्या हातात बांधलं. आकडे त्याला तिकडं मोबाइलवर दिसायचे. तो गेल्यावर चिमाजींनी ते काढून बायकोपुढं धरलं.

"तू तशीबी फिरतेच. घाल. पोराच्या जिवाला बरं वाटंल."

पहिल्या दिवशी सहा हजार पावलं झाली, तिसऱ्या दिवशी नऊ. सुदर्शन खूश होता. पाचव्या दिवशी शेळी सुटून शेजाऱ्याच्या उसात शिरली, झुंबरबाई तिच्यामागं धावली आणि लगेच फोन आला.

"आण्णा, आत्ता तुमी पळालात?"

"जरा हुरूप आला व्हता," चिमाजी म्हणाले.

"एकशे चाळीस ठोके पडलेत. आता जागचं हलू नका. मी निघालो."

इतका मनासारखा हुकूम चिमाजींना आजवर कुणी दिला नव्हता. सुदर्शन अर्ध्या दिवसाची रजा टाकून, गाडी ठरवून आला. वडिलांना हलू द्यायचं नाही म्हणून दोघा शेजाऱ्यांना बोलावून खुर्चीसकट गाडीपाशी नेलं. वाटेत भेटणारा प्रत्येक जण हात जोडू लागला, तेव्हा मात्र चिमाजींनी डोळे मिटून घेतले. त्यामुळे लोक आणखीच घाबरले.

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले, मग चिमाजींचे सुजलेले पाय पाहिले.

"रोज नऊ हजार पावलं, हे पाय? घड्याळ कुठंय?"

चिमाजी पंख्याकडे बघू लागले. सोबत आलेल्या झुंबरबाईने पदराखालून हात पुढं केला.

"आई, तू?" सुदर्शन म्हणाला.

"आजी, शेतात एवढं काम असतं?" बाईंनी विचारलं.

"काम कसलं? शेत वाट्यानं दिलंय." झुंबरबाई खाली बघत म्हणाली, "पर गोठ्यातनं दारात, मळ्यातनं दारात. घडीघडीला येऊन बघते, ह्यांची छाती वरखाली व्हतीय का न्हाई."

चिमाजींनी पंख्यावरची नजर काढून बायकोकडं पाहिलं. म्हणाले, "मला वाटायचं, तू चहाचं इचाराया येतीस."

"मग बघून झाल्यावर कायतरी इचाराया नगं?"

बाईंनी शेळीची हकीकत ऐकून हसू दाबलं, सुजेसाठी औषध बदललं आणि चालायचं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. या वेळी चिमाजींनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई गोठ्याकडं निघाली, तर मागून आवाज आला. "थांब. मी संगंच येतो. म्हंजे तुला सारखं दारात याया नगं."

भिंतीचा आधार सुटला तिथं चिमाजी थबकले. कपाळावर घाम आला होता.

"दुखतंय का?"

"न्हाई. भ्या वाटतंय."

"मलाबी. धरा हात."

दोघं गोठ्यापर्यंत गेली. थांबत, श्वास घेत परत आली. संध्याकाळी पुन्हा गेली. दिवेलागणीला सुदर्शनचा फोन आला.

"आण्णा, घड्याळ आज कुणाच्या हातात व्हतं? खरं सांगा."

"माझ्या."

"चारशे बारा पावलं. आण्णा, लई भारी."

चिमाजींनी शेजारी बसलेल्या बायकोकडं पाहिलं आणि फोन जरा जवळ धरला.

"निम्मी तुझ्या आईच्या नावावर लिही," ते म्हणाले. "अजून हात सोडला न्हाई तिनं."