यादीवाल्या काकांचा पगार

यादीवाले काका निवृत्त झाले, पण त्यांचा पगार काही निवृत्त झाला नाही. पहिल्या महिन्यात बँकेत रक्कम जमा झाली, तेव्हा त्यांना वाटलं, जुनं काही येणं असेल. दुसऱ्या महिन्यातही तेवढीच आली आणि तो सरळमार्गी माणूस कागद-पेन घेऊन बसला. त्यांनी ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिसरा पगार आला, तोही वाढ लागून.

चौथ्या महिन्यात नोटीस आली. आपण तीन महिने विनापरवानगी गैरहजर आहात, कुठे होता याचा खुलासा करावा. काकांनी ती दोनदा वाचली. बायको गेल्यापासून ‘कुठे होता’ असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तेही जावक क्रमांक टाकून.

ते तडक ऑफिसात गेले. नव्या साहेबीणबाईंनी कागद चाळले, तेव्हा घोळ उघडा पडला. निवृत्त होणाऱ्याचं नाव पगारयादीतून काढायचं काम तीस वर्षं काकांचंच. शेवटच्या दिवशी स्वतःचं नाव काढायला त्यांचा हात धजला नव्हता, आणि दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हतं.

“मग आता कोण काढणार?” काकांनी विचारलं.

“तुमची जागा भरलीच नाही. पासवर्डही तुमच्याकडेच आहे. तुम्हीच काढून द्या ना.”

काका जुन्या खुर्चीत बसले. शिपायाने न सांगता बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. टायपिस्टने गुडघ्याची चौकशी केली, स्वयंपाक कोण करतं ते विचारलं. दोघे कारकून अडलेल्या फाइली घेऊन आले. तीन महिन्यांत मिळून बोलले नसतील तेवढं काका दुपारपर्यंत बोलले. त्यांना फार बरं वाटलं, आणि संध्याकाळी घरी जायचंय हे आठवून तितकंच वाईटही.

पाच वाजता बाई आल्या. “झालं का काका?”

“घाईचं काम नाही हे, बाई. चार-दोन दिवस तरी लागतील.”

बाईंनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. काकांच्या नावापुढे एकच बटण होतं. ते दाबलं की काम संपत होतं. बाईंनी ते न दाबताच संगणक बंद केला.

“मग उद्या दहाला या,” त्या म्हणाल्या. “पगार मात्र मी बँकेला सांगून थांबवते हं.”

“तो कुणी मागितलाय?” काका म्हणाले.