देवरे भाऊजी आणि न अडकणारं पिस्तूल

आमच्या दोह्यातल्या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर पिस्तूल असतं. घाबरू नका, खरं नव्हे. कतारमध्ये आमच्यासारख्या नोकरीला आलेल्यांच्या घरात भाजी चिरायच्या सुरीपलीकडे हत्यार कुठलं असणार? हे पिस्तूल असतं देवरे भाऊजींच्या तोंडी. मी आमटी वाढत असते आणि भाऊजी फोनवरून वाचून दाखवत असतात, की कुठल्याशा देशातल्या कुण्या गृहस्थाचं खिशात मावणारं पिस्तूल तीनशे बाराव्या गोळीला अडकलं.

"वहिनी, ऐका. तीनशे अकरा गोळ्या सुरळीत. तीनशे बारावी अर्धी आत, अर्धी बाहेर. का? तर खिशातला कापसाचा भुगा."

"भाऊजी, भात वाढू?"

"थोडा. भुगा, वहिनी! माणूस पिस्तूल खिशात घालतो आणि खिसा झटकत नाही. काय म्हणावं?"

काय म्हणावं, हे मला चार वर्षांत सुचलेलं नाही.

रंगनाथ देवरे हे माझ्या नवऱ्याचे, प्रशांतचे सहकारी. मूळचे नाशिककडचे. मेसईदच्या एका खतकारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतात. खात्याचं नाव रिलायबिलिटी. म्हणजे यंत्र बंद पडल्यावर धावणारी माणसं वेगळी, आणि ते कधी बंद पडेल याची आधीपासून झोप उडवून घेणारे भाऊजी वेगळे. फोरमन म्हणाला, "पंप चालेल, इन्शाल्ला," तर भाऊजी हात जोडून म्हणतात, "वरचा त्याचं बघेल, बेअरिंग आपण बघू. यल्ला, चला." बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा ओंकार पुण्यात नोकरी करतो. भाऊजी कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटे राहतात आणि सुट्टीच्या दिवशी बसने दोह्याला येऊन आमच्याकडे जेवतात.

त्यांचं स्वतःचं एक खरं पिस्तूल आहे. बत्तीस बोअरचं, परवान्याचं, शर्टाखाली लपेल एवढं. ते नाशिकला हत्यारांच्या दुकानात जमा आहे. परदेशी जाताना परवानाधारकाला ते असं जमा करून पावती घ्यावी लागते. लोक गावाकडे म्हातारे आईबाप ठेवून येतात, भाऊजी पिस्तूल ठेवून आले. "आठवण येते का हो त्याची?" असं मी एकदा चेष्टेत विचारलं, तर ते आमटीत बघत म्हणाले, "रोज." मला वाटलं, तेही चेष्टाच करतायत.

ह्या छोट्या पिस्तुलांच्या मालकांनी आपले अनुभव लिहायचे असे अड्डे इंटरनेटवर आहेत, आणि भाऊजी ते भक्तिभावाने वाचतात. एकाने लिहिलं होतं, माझं पिस्तूल आजवर एकदाही अडकलं नाही. भाऊजींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याने आजवर चौदाच गोळ्या झाडल्यात. भाऊजी खवळले. "चौदा! वहिनी, तुमचा कुकर एका सकाळी चौदा शिट्ट्या देतो. म्हणून काय त्याला प्रमाणपत्र द्यायचं?" दुसऱ्या एका मालकाच्या बायकोने पँटबरोबर पिस्तूलही मशीनमध्ये धुतलं. ते वाळवून झाडलं तर व्यवस्थित चाललं. त्या दिवशी भाऊजींनी बासुंदी दोनदा घेतली.

त्यांचा सिद्धांत सोपा आहे. मोठं हत्यार चुका पोटात घालतं, लहान घालत नाही. जागाच नसते. स्प्रिंग आखूड, नळी आखूड, मनगट जरा ढिलं पडलं की रिकामं काडतूस बाहेर पडायच्या ऐवजी तिथेच दातखीळ बसल्यासारखं अडकतं. म्हणून पहिल्या पाचशे गोळ्या होईपर्यंत कशावरच विश्वास टाकायचा नाही.

हे पाचशे गोळ्यांचं माप ते पिस्तुलापुरतं ठेवतील तर शप्पथ! एकदा द पर्ल नावाच्या श्रीमंती वस्तीत प्रशांतच्या साहेबांकडे बोलावणं होतं. समुद्राकडे तोंड केलेला फ्लॅट, आणि स्वयंपाकघरात स्कूटरएवढं कॉफीचं यंत्र. साहेबीणबाई कौतुकाने कॉफी देत होत्या. भाऊजींनी विचारलं, "किती कपांनंतर अडकलं?" बाई म्हणाल्या, "अहो, नवंच आहे, कालच आलं." भाऊजींनी कप अलगद खाली ठेवला आणि पाणी मागितलं. परतताना गाडीत मी त्यांना चांगलंच झाडलं. मग म्हणाले, "नव्यावर मी विश्वास कसा ठेवू, वहिनी?"

माझ्या मामेबहिणीच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा मुलगा कतारमधलाच म्हणून भाऊजींना चौकशीला पाठवलं. अहवाल आला, "बोलायला बरा आहे. पण भांडण झालेलं कुणी पाहिलेलं नाही. टेस्टिंग झालेलं नाही." लग्न झालं, मुलगी सुखात आहे, आणि भाऊजी अजून म्हणतात, "बघू."

माझी लेक तर त्यांचा फोन बाहेर निघाला की "काका, नॉट अगेन, प्लीज!" म्हणून ताट घेऊन आपल्या खोलीत पळते. मीही काही कमी नाही. माझं तोंड फटकळ. "भाऊजी, एवढ्या आवडीने ओंकारचे मेसेज वाचले असते तर पोरगं धन्य झालं असतं," असं मी एकदा बोलून गेले. त्यावर ते हसले नाहीत.

कारण ओंकारशी त्यांचं बोलणं म्हणजे, "जेवलास?" "हो." "तब्येत?" "बरी." "बरं." खलास. दर शुक्रवारी आमच्याच सोफ्यावर बसून, दीड मिनिटात. मला त्या पोराची दया यायची. आई गेलेली, आणि बाप पन्नाशीत अचानक चंबूगबाळं आवरून परदेशी आलेला. ओंकारला दोह्याला बोलवा म्हणून मी किती वेळा म्हटलं! "बघू, जरा थंडी पडू दे," म्हणायचे. थंडी चार वेळा पडून गेली.

आता त्या शुक्रवारचं सांगते. माझा धाकटा भाऊ संजू संगमनेरला असतो. कोंबडीखाद्याचं दुकान आहे. गोदामात दोनदा चोरी झाली, म्हणून त्याने खटपट करून पिस्तुलाचा परवाना काढला होता. तो नाशिकला दुकानात उभा होता, समोर काउंटरवर दोन छोटी पिस्तुलं मांडलेली, आणि कुठलं घ्यावं ते ठरेना. मग त्याला आठवलं, ताईकडे जेवायला येणारा माणूस यातला देव आहे. व्हिडिओ कॉल आला. मी हात पुसत फोन भाऊजींसमोर धरला. म्हटलं, घ्या, तुमच्या जन्माचं सार्थक झालं.

भाऊजी ताठ बसले. "नमस्कार. आधी दोन्ही रिकामी आहेत ना, बघून घ्या. स्वतः बघा, दुकानदारावर सोडू नका." मग प्रश्न सुरू झाले. सराव कुठे करणार? साफ कोण करणार? रोज कमरेला लावणार, की कपाटात पडून राहणार? संजू उत्साहात उत्तरं देत होता. प्रशांत माझ्याकडे बघून हसत होता.

"घरी कोण कोण असतं?"

"मी, बायको, आणि सोहम. तो काय, हॉस्टेलला असतो. शनिवारी येतो, कधी मधेच उगवतो. कार्टं सांगून येईल तर ना! मागच्या दाराने येतं आणि आईला दचकवतं."

भाऊजी बोलायचे थांबले. मला वाटलं, कॉल अडकला. पण तिकडून संजू "हॅलो, देवरेसाहेब, हॅलो" करत होता.

"दोन्ही चांगली आहेत," भाऊजी म्हणाले. आवाज वेगळाच होता. "तुम्हाला चालणारं हवंय, की न चालणारं?"

संजू हसला. "असं कसं विचारता? चालणारंच."

"माझं चाललं नाही," भाऊजी म्हणाले. "मी चाप ओढला, आणि ते चाललं नाही. समोर माझा मुलगा होता."

प्रशांतने माझ्या हातातला फोन घेऊन डब्याला टेकवून उभा केला.

भाऊजींनी सांगितलं ते असं. त्यांच्या गावच्या नदीतून काही गुंड वाळू चोरून नेत. भाऊजींनी तक्रार केली, साक्ष दिली. धमक्या आल्या, म्हणून परवाना मिळाला. मग दोन वर्षं ते कमरेला पिस्तूल लावून घरात वावरले. कुलपं बदलली, पुढचं दार कायम बंद. एके दुपारी मागच्या पडवीत पावलं वाजली. दाराची कडी बाहेरून कुणीतरी हलकेच काढत होतं. दार उघडलं, उन्हात नुसता काळा आकार दिसला, आणि त्यांनी चाप ओढला.

"टक् झालं. एवढंच. काडतुसं पिस्तुलासकट रोज रात्री ओल आलेल्या कपाटात, असे दोन पावसाळे. बदलायची राहिली होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांची देखभाल केली, वहिनी, एकही तारीख चुकवली नाही. आणि ज्या एका वस्तूची हयगय केली, तिच्यामुळे माझं पोरगं आज जिवंत आहे."

ओंकार त्या दिवशी हॉस्टेलवरून न सांगता आला होता. भाऊजींचा वाढदिवस होता. त्याच्या हातात केकचा डबा होता. बापाच्या हातातलं पिस्तूल बघून तो हसला आणि म्हणाला, "काय बाबा, आता मलाच घाबरवताय होय?" त्याला वाटलं, बाबांनी ते नुसतं रोखलंय. भाऊजींनी केक कापला, खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी आखातातली नोकरी शोधायला लागले.

"इथे कुणी माझ्या हातात ते देणार नाही, म्हणून आलो," ते म्हणाले. "आणि त्याच्यासमोर बसवत नाही म्हणून. त्याच्याकडे बघितलं की मला तो दारात दिसतो."

मी आपलं विचारलं, "मग हे रोज वाचता कशाला हो, भाऊजी? जिवाला त्रास करून घ्यायला?"

"एक माणूस शोधतोय. हजारो जण लिहितात, माझं अडकलं, पैसे वाया गेले, कंपनीला शिव्या. कुणीतरी एक लिहील ना, की माझं अडकलं आणि बरं झालं. चार वर्षांत एकानेही लिहिलेलं नाही."

मी चार वर्षं ह्या माणसाची टिंगल केली होती. मला माझीच लाज वाटली, आणि रडूही आलं. तिकडे संजूने काउंटरवरून हात मागे घेतला होता. "मी निघतो इथून, साहेब," तो म्हणाला. "गोदामाला वॉचमन ठेवतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "ओंकारला सांगितलंत का हो कधी?"

भाऊजींनी नकारार्थी मान हलवली.

संजूचा कॉल संपला. शेवटी मलाच राहवलं नाही. "भाऊजी, त्याला वाटतं बापाला आपण नकोसे झालोय. लावा फोन."

"सांगितलं तर तो परत तोंड बघणार नाही माझं."

"आत्ता तरी कुठे बघतोय? लावा म्हणते ना!"

ते सोफ्यावर जाऊन बसले आणि त्यांनी फोन लावला. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा, वहिनी. उठू नका." फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला.

"जेवलो, बाबा. तब्येत बरी आहे," ओंकारने आधीच सांगून टाकलं.

"ओंकार, तू केक घेऊन आला होतास, त्या दिवशी मी ते नुसतं रोखलं नव्हतं. मी चाप ओढला होता. गोळी चांगली असती तर तू नसतास."

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. भाऊजी फोनकडे टक लावून बसले होते, आणि मी मनातल्या मनात त्या पोराला विनवत होते, अरे, काहीतरी बोल.

"म्हणून गेलात तुम्ही?" ओंकारने विचारलं.

"हो."

मग ओंकार अगदी बारीक आवाजात म्हणाला, "चूक माझी होती, बाबा. मी सांगून यायला हवं होतं."

आणि इतकी वर्षं सावरून धरलेला तो माणूस आमच्या सोफ्यावर हमसून हमसून रडायला लागला. "नाही रे बाळा," ते म्हणत राहिले, "नाही रे. आपल्या घरात यायला कुणी सांगून येतं का?"