गुलचेहराकडे अडलेलं पॅड

"शेजाऱ्यांशी कसं वागायचं, हे मला कुणी शिकवायला नको!" गुलचेहराने जपानात आल्या आल्या जाहीर करून टाकलं. "आमच्या फरगाना शहरात आख्खा मोहल्ला म्हणजे एकच घर. माझे मामा मोहल्ल्याचे प्रमुख आहेत! ही तर नऊ घरांची गल्ली. महिन्याभरात खिशात घालते की नाही बघ!"

हे ऐकत होती थिरी. भाषाशाळेत तिच्याच बाकावर बसणारी, ब्रह्मदेशातून आलेली. थिरीला ओकायामात दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या काळात तिने शेजाऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. म्हणजे सल्ला द्यायला अगदी योग्य माणूस!

गुलचेहराला खोली मिळाली होती ती अकरा नकार पचवून. बारावं घर कुवाबारा आजींचं. आजी खाली राहायच्या, वरची खोली भाड्याने द्यायच्या. खोली शाळेपासून चालत सात मिनिटांवर, भाडं परवडणारं, खिडकीतून पर्सिमनचं झाड दिसणारं. फक्त एक अट होती.

"वर्षअखेरपर्यंत बघते," आजी म्हणाल्या होत्या. "तोवर गल्लीतून एक जरी तक्रार आली, तरी खोली रिकामी करायची. राग मानू नकोस पोरी. मला या गल्लीतच मरायचंय. शेजाऱ्यांशी वाईटपणा नको."

तेव्हापासून गुलचेहरा मांजराच्या पावलांनी जिना चढायची. कचरा ठरलेल्या वारी, ठरलेल्या पिशवीत. दिसेल त्याला कमरेत वाकून नमस्कार. एकदा तर तिने पोस्टाच्या पेटीलाही नमस्कार घातला, कारण संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती पेटी बुटक्या काकांसारखी दिसत होती!

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक दिवस दाराच्या मुठीला कापडी पिशवी लटकलेली दिसली. आत एक पॅड. आपण परीक्षेला न्यायचो ना, तसलंच. त्याला आठ पानं लावलेली, सगळी गच्च छापील. वर घरांच्या नावांची यादी आणि पहिल्या चार नावांपुढे लाल शिक्के. पाचवं नाव तिचं! त्यापुढची चौकट रिकामी.

गुलचेहराचा ऊर भरून आला. तिच्या मोहल्ल्यात नवी सून आली की घराघरातून ताट जायचं. इथे अभ्यासाला आलेल्या मुलीला गल्लीने वाचन पाठवलं! काय ही माणसं!

दुसऱ्या दिवशी तिने थिरीला त्या पानांचे फोटो दाखवले.

"अगं, हे सोपं आहे," थिरी दीड वर्षाच्या अधिकाराने म्हणाली. "ज्यांचं वाचून झालं त्यांनी शिक्का मारलाय. तूही वाच आणि पूर्ण कळलं की शिक्का मार."

"आणि पूर्ण नाही कळलं तर?"

"तर कसा मारशील? ते खोटं नाही का होणार?"

बरोबरच होतं. इतकं बरोबर की त्यातूनच पुढचा सगळा घोटाळा झाला. खरं म्हणजे ते पॅड म्हणजे गल्लीची फिरती नोटीस. शिक्का मारायचा आणि पुढच्या घराच्या मुठीला लटकवायची. जपानात हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. आजींनीही सांगितलं नाही. शिक्का मारला, वर नेऊन लटकवलं, झालं.

आणि गुलचेहरा शब्दकोश घेऊन बसली!

पहिल्या पानावर कुत्र्यांची घाण. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, पण 'मालकाची जबाबदारी' हा शब्द तिला असा पाठ झाला की झोपेतही म्हणाली असती. दुसऱ्या पानावर फोनवरून 'आजी, मी तुझा नातू' म्हणत गंडवणाऱ्या भामट्यांपासून सावधान. ते वाचताना ती इतकी घाबरली की आईचा फोन आल्यावर तिने आधी आईलाच धाकट्या भावाचं नाव विचारलं. तिसऱ्यावर पडक्या भिंती. चौथ्या पानाला तीन दिवस लागले, कारण त्यात जमिनीखालच्या नळांची सगळी वंशावळ होती. पण शेवटी अर्थ लागला. एकोणीस तारीख, गुरुवार, दुपारी एक ते चार पाणी बंद. आधी भरून ठेवा.

तिने भरून ठेवलं. दोन बादल्या, भात शिजवायचं भांडं, किटली, कपडे भिजवायचा टब. फरगानाची मुलगी ती, पाणी भरून ठेवण्याचं शिक्षण तिला जपानने काय द्यायचं!

एकोणीस तारखेला ती शाळेतून परतली, चहा ओतून घेतला आणि पाचवं पान उघडलं. पॅड येऊन अकरा दिवस झाले होते. सव्वाएकला खालून आजींची किंकाळी आली.

"पाणी गेलं! माझे दोन्ही हात मुळ्याच्या खारात आणि पाणी गेलं!"

पाठोपाठ शेजारून दुसरी. शेजारी नोनोमुराबाईंचं केस कापायचं दुकान होतं. बाई हातमोजे घातलेल्या अवस्थेत रस्त्यावर धावत आल्या.

"अहो, पाणी द्या कुणीतरी! गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावलाय! वेळ भरत आली! धुतला नाही तर कातडी सोलून निघेल!"

आणि त्यांच्या मागून गिऱ्हाईक बाहेर आलं. गळ्यात प्लास्टिकचा झगा, डोक्यावर काळा लेप, कपाळावरून दोन काळे ओघळ. गल्लीप्रमुख त्सुजीइसाहेब! वय अडुसष्ट, केस कावळ्याच्या पिसासारखे. 'रोज समुद्री शेवाळं खातो, दुसरं काही नाही,' असं ते गेली अकरा वर्षं गल्लीला सांगत आले होते.

सगळी गल्ली दारात आली. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलंच नाही असं दाखवलं.

आजींनी खारट हातांनी पाणीखात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस फारच नम्र होता. "नोटीस तीन आठवड्यांपूर्वीच दिली आहे हो. गल्लीच्या फिरत्या पॅडवर."

"पॅड? माझ्याकडे आलंच नाही!" नोनोमुराबाई ओरडल्या.

"आमच्याकडेही नाही!" पुढच्या चारही दारांतून आवाज आले.

"मी तर केव्हाच पुढे..." म्हणता म्हणता आजी थांबल्या. मान हळूहळू वर गेली. तिच्यामागे गल्लीच्या सगळ्या माना.

वरच्या खिडकीत गुलचेहरा उभी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पॅड.

"एक ते चार," ती बारीक आवाजात म्हणाली. "चौथ्या पानावर लिहिलंय."

"अकरा दिवस!" नोनोमुराबाईंचा आवाज चढला. "अकरा दिवस धरून बसलीस? का गं?"

"अजून... चार पानं राहिलीत."

आजींचा चेहरा पांढरा पडला. तो पाहून गुलचेहराने ओळखलं. झालं! बारावं घरही गेलं! आता तेरावं शोधायचं, तेही ऐन थंडीत, आणि दारोदार तेच 'माफ करा हं' ऐकायचं. तिला रडू येत होतं. पण रडायला फुरसत कुठे होती, खाली एका माणसाचं डोकं भाजत होतं!

"किटलीत गरम पाणी आहे!" ती ओरडली आणि दोन्ही बादल्या घेऊन धडधडत जिना उतरली. महिनाभर जपलेली मांजराची पावलं गेली खड्ड्यात!

दुकानात त्सुजीइसाहेबांना बेसिनवर वाकवलं. गुलचेहरा तांब्याने पाणी ओतत होती, नोनोमुराबाई चोळत होत्या आणि बोलत होत्या.

"मी तक्रार करणार! लेखी! माझ्या दुकानाची अब्रू गेली! इतकी वर्षं या गल्लीत पॅड कधी अडलं नाही!"

"करा, करा," आजी दारातून क्षीणपणे म्हणाल्या. "चूक ती चूक."

गुलचेहरा पाणी ओतत राहिली. पाण्यात तिचेही दोन थेंब पडले असतील, कुणी मोजले नाहीत.

लेप उतरला. नोनोमुराबाईंनी हात पुसले, पुरावा म्हणून पॅड उचललं आणि यादी वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"पहिला शिक्का, त्सुजीइ. चौथा, कुवाबारा. हे काय? तुमच्याकडे तर पॅड येऊन गेलंय! मग तुम्हाला पाण्याचं माहीत नव्हतं?"

आजी आपल्या हातावरचं मीठ निरखू लागल्या.

बेसिनच्या आतून त्सुजीइसाहेबांचा घुमणारा आवाज आला, "ते वाचायचं असतं का?"

कोण आधी हसलं सांगता येत नाही. आजी दाराला धरून हसल्या, नोनोमुराबाई हसू दाबता दाबता खुर्चीवर बसल्या. एकट्या गुलचेहराला काही कळेना. ती आपली भिजल्या बाह्यांनी उभी.

"माझ्याकडे आलं असतं तरी मी कुठे वाचलं असतं म्हणा," नोनोमुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण तक्रार मी करणार! नियम म्हणजे नियम. साहेब, घ्या लिहून."

तक्रार लिहून घ्यायचं काम गल्लीप्रमुखाचं. साहेबांनी टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. "घेतो ना. तक्रारीचं ठिकाण, वेळ आणि प्रमुख त्या वेळी तिथे काय करत होते, हे सगळं लिहावं लागेल." जरा थांबून म्हणाले, "नाहीतर मग राहू दे."

राहू दिलं. उलट आजींनी त्या संध्याकाळी मुळ्याची वाटी जिन्यावर आणून ठेवली. "मीच सांगायला हवं होतं पोरी. पुढच्या वेळी शिक्का मारायचा आणि दहा मिनिटांत पुढच्या घरी. कळलं?"

डिसेंबरात पॅड पुन्हा आलं. गुलचेहराने ते मुठीवरून काढलं, चौकट शोधली, ठप्! आणि सहा मिनिटांत नोनोमुराबाईंच्या दाराला लटकवून परत आली.

"एक अक्षर वाचलं नाही!" तिने थिरीला फोनवर अभिमानाने सांगितलं. "अगदी इथल्यासारखं!"

चार दिवसांनी नोनोमुराबाई लाल बीनच्या वड्यांचा डबा घेऊन जिना चढल्या. "अभिनंदन हं! एवढी मोठी जबाबदारी घेतलीस!"

"कसली?"

"मी हल्ली वाचते बाई, त्या दिवसापासून," बाई म्हणाल्या. "तिसरं पान. एप्रिलपासून गल्लीप्रमुख, वरची खोली, गुलचेहरा-सान. शिक्का म्हणजे संमती. तुझा किती सुबक उमटलाय!"

गुलचेहरा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली. "आजी! मला नाही जमणार! आणि माझं तर वर्षअखेरपर्यंतच..."

"कसली वर्षअखेर?" आजी कडाडल्या. "प्रमुखाला वर्षभर गल्ली सोडता येत नाही! तू गेलीस तर ते काम खालच्या मजल्यावर येईल. म्हणजे माझ्या गळ्यात! पोरी, आता तू जाते म्हणालीस तरी मी दारात आडवी पडेन!"

खोली पक्की झाली होती. गुलचेहराला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं, आणि आजींनी तिला जवळ घेतलं नाही पण चहा मात्र दोनदा दिला.

संध्याकाळी त्सुजीइसाहेब प्रमुखाची पेटी घेऊन हजर झाले. शिट्टी, दंडावरची पट्टी, झाडूंच्या खोलीची किल्ली. अकरा वर्षांचं ओझं उतरल्यामुळे ते चांगले दोन इंच उंच दिसत होते.

गुलचेहराने कमरेत वाकून कबुली दिली. "साहेब, खरं सांगते. मी ते पान वाचलंच नव्हतं."

"छे, छे!" साहेबांनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि घाईघाईने बूट चढवले. "वाचून कोणी झालंय का आजवर?"