रामनाथ सरांच्या रिव्हॉल्वरचा बार

मशीन माझ्याशी खोटं बोलू शकत नाही! हे मी नाही म्हणत, आमच्या कारखान्यातल्या दोन शिफ्ट म्हणतात. तिसरी शिफ्ट माझ्यावर जळते. तारापूर एमआयडीसीत एकोणीस वर्षं मेंटेनन्स फिटर आहे मी. पंपाला नुसता कान लावला की कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगतो.

त्यामुळे आमची स्वरा शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला रिव्हॉल्वर दुरुस्त करता येते?" तेव्हा मी चहाच्या कपातून मानसुद्धा वर केली नाही.

"आण!"

"काय आण?" अर्चनाच्या हातातलं लाटणं थांबलं. "पोरीनं काय विचारलं ते ऐकलंत तरी का?"

मग स्वरानं सगळं सांगितलं. रिव्हॉल्वर तिच्या शाळेतल्या खेळाच्या सरांची, रामनाथ सरांची. खरी नव्हे, शर्यत सुरू करायची. नळी पुढून बंद, गोळ्या नुसत्या आवाजाच्या. एकतीस वर्षं सर त्याच रिव्हॉल्वरनं पोरांना पळवत आले. पण गेली दोन वर्षं ती ऐन वेळी दगा देत होती. सर हात वर करून "सेट" म्हणायचे, चाप ओढायचे आणि "टिक्!" मग सरच ओरडायचे, "पला गो पोरींनो!" आणि पोरी धावायच्या. सर मे महिन्यात निवृत्त होणार. शेवटचा क्रीडादिन दहा दिवसांवर. आणि मुख्याध्यापिका रुचिता मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या, सर, यंदा भोंगा वापरू या.

"सर बरं म्हणाले," स्वरा म्हणाली, "पण मग किती वेळ पाण्याच्या टाकीमागे उभे होते. डोळ्यात धूळ गेली म्हणाले. तिथे धूळ नसते, बाबा. तिथे चिखल असतो."

अर्चनानं गॅस बारीक केला.

"म्हणून मी सांगून टाकलं, माझे बाबा काहीही दुरुस्त करतात."

आता सांगा! यानंतर कुठला बाप नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आले. त्यांच्या मुरबे गावाहून आमच्या सरावलीपर्यंत मोटरसायकलवर, गळ्यात डब्याची पिशवी. पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून रिव्हॉल्वर. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दाखवावं तशी दोन्ही हातांवर धरून दाखवली.

"सहातले चार बार फुसके जातात, कैलासभाऊ. काय दुखतंय तिला, मला कलत नाय. बापाला वाटायचं मी होडीवर यावं. मी पोरं पलवत बसलो. आता शेवटच्या दिवशी भोंगा वाजवून जायचं म्हणजे..." त्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"सर, निश्चिंत राहा!" मी म्हणालो आणि रिव्हॉल्वर उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिली.

नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या काशीबाई वालाच्या भाजीची वाटी घेऊन दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिव्हॉल्वरकडे पाहिलं आणि वाटीसकट परत गेल्या. मला वाटलं, पाहुणे बघून लाजल्या असतील.

दुरुस्तीला मी त्याच दिवशी बसलो. माझा पहिला नियम: मशीन अडलं की तेल! मी तेल घातलं. गोळीवर आपटणाऱ्या घोड्याला घातलं, चापाला घातलं, गोळ्यांच्या चक्राच्या सहाही भोकांत घातलं. रिव्हॉल्वर अभ्यंगस्नानाला बसल्यासारखी चमकायला लागली. मग गोळ्या भरल्या आणि गच्चीवर जाऊन चाप ओढला.

टिक्. टिक्. टिक्. टिक्. टिक्. टिक्.

"सहातले चार जात होते ना?" अर्चनानं विचारलं. "आता सहाच्या सहा. प्रगती आहे!"

मग माझ्या लक्षात आलं, स्प्रिंग ढिली असणार. कारखान्यातल्या भंगारातून एक दणकट स्प्रिंग आणली, बसवली. आता चाप एका बोटानं ओढेनाच. दोन बोटांनी नाही, दोन हातांनी नाही. शेवटी मी रिव्हॉल्वर गुडघ्यांत धरली आणि ओढायला लागलो.

"सर शर्यत सुरू करणार की बोअरवेलचा पाइप काढणार?" अर्चना म्हणाली.

दरम्यान, आमच्या इमारतीत अचानक माझा मान वाढला होता. वरच्या मजल्यावरचा एक जण दोन वर्षं आमच्या दारात स्कूटर लावायचा. ती आपोआप हलली! रात्रपाळीची पोरं दिवसभर मोठ्यानं गाणी लावायची. ती दारात येऊन विचारून गेली, "भाईसाब, आवाज ठीक है ना?" सोसायटीचे अध्यक्ष तर मला बघून जिन्यात बाजूला सरकले. मी अर्चनाला म्हणालो, "चांगुलपणाला उशिरा का होईना, फळ येतं बघ!" काशीबाईंनी चार मजल्यांवर काय पोचवलंय, हे मला कुठे ठाऊक!

क्रीडादिनाला चार दिवस उरले. स्वरा रोज झोपताना विचारायची, "झाली?" मी म्हणायचो, "होतच आली." त्या रात्री तिनं विचारलंच नाही. नुसती पाठ फिरवून झोपली. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. कुठलंच मशीन माझ्याशी इतका वेळ अबोला धरून बसलं नव्हतं.

अर्चना शिलाई मशीनवर ब्लाउजला बाह्या लावत होती. तिनं मशीन थांबवलं.

"एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार."

"फटाक्याला कुणी तेल लावतं का हो?"

मी तेलाची बाटली टेबलाखाली सरकवली.

"गोळीत दारू असते ना? तुम्ही भोकाभोकांत तेल सोडलंत. ती भिजली असणार. आणि हे बघा." तिनं रिव्हॉल्वर हातात घेतली, घोडा मागे केला आणि त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. "सुई बोथट झाली की माझा टाका सुटतो. हे टोक तसंच झालंय. गोळीला टोचतच नसेल."

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षांत मी सगळ्या मशीनना कान लावला होता, अंगठा कधी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुटक्या ड्रिलचा तुकडा घासून घोड्याला नवं टोक केलं. जुनी स्प्रिंग परत बसवली. तेल केरोसिननं धुऊन अर्चनानं चिंधीनं कोरडं केलं. रविवारी पाच वाजता आम्ही तिघं गच्चीवर गेलो. गोळ्या नव्या पाकिटातल्या.

ठो! ठो! ठो! ठो! ठो! ठो!

सहाच्या सहा! स्वरा माझ्या कमरेला मिठी मारून नाचायला लागली. आम्ही खाली उतरलो, तर सगळ्या इमारतीची दारं बंद होती. आणि वीस मिनिटांनी आमच्या दारात पोलीस!

पुढे ठाण्याच्या फौजदार नर्मदा मॅडम, मागे दोन हवालदार, त्यांच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून काशीबाई.

"रिव्हॉल्वर कुठाय?" नर्मदा मॅडमनी विचारलं.

"माझी नाहीये!" मी पटकन म्हणालो. असं म्हणू नये, हे मला तेव्हा कळलं.

"मग कुणाची?"

"सरांची."

"कोण सर? किती माणसं आहेत तुमच्यात?"

"आठ!" स्वरा मध्येच म्हणाली. "पण ते फायनलला. सेमीला सोळा असतात."

हवालदारांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्चनानं शांतपणे रुमालातली रिव्हॉल्वर आणून मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी नळीत पाहिलं, बंद. मग मुठीवर गुंडाळलेली निळी चिकटपट्टी पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही रामनाथ सरांची?" आवाज एकदम हळू झाला. "ही पट्टी मी लावलेली हाय. सातवीत. मूठ तडकली होती तेव्हा." त्यांनी पट्टीवर बोट टेकवलं. "सर बरे हायेत ना?"

"बरे आहेत, पण आमच्या रुचिता मॅडम भोंगा आणणार होत्या," स्वरानं तक्रार नोंदवली.

तरी नियम तो नियम. सरांना ठाण्यात येऊन कागद दाखवावे लागले, मला गच्चीत असले प्रयोग करणार नाही असं लिहून द्यावं लागलं. स्कूटर त्याच दिवशी पुन्हा दारात आली. काशीबाईंची वालाची भाजीही आली, एवढं मात्र बरं झालं.

क्रीडादिन उजाडला. बेटेगावच्या मैदानावर फक्की मारलेली, आठ पोरी रेषेवर, तिसऱ्या पट्ट्यात आमची स्वरा. सर पांढऱ्या टोपीत. त्यांनी हात वर केला.

"ऑन युअर मार्क... सेट..."

ठो!

आणि आठही पोरी कानांवर हात ठेवून मटकन खाली बसल्या! दोन वर्षं "टिक्" आणि आरोळीवर पळालेल्या त्या. रेषेवर बार ऐकायची सवयच उरली नव्हती, गच्चीवर नाचलेल्या स्वरालासुद्धा! मैदान हसायला लागलं. सर तर इतके हसले की टोपी पडली. मग एकेकीला उठवून म्हणाले, "घाबरू नका गो. ही माजीच हाय." दुसऱ्या बाराला पोरी सुटल्या. स्वरा पाचवी आली आणि पहिली आल्यासारखी धावत आमच्याकडे आली.

शेवटची शर्यत वडिलांची. सरांनी माइक घेतला. मी खिशातून कंगवा काढून केस सारखे केले, कारण आता माझं नाव येणार होतं.

"रिव्हॉल्वर बरी केली अर्चनाताईंनी," सर म्हणाले. "शेवटचा बार त्या काढतील." स्वरानं सरांना सगळं सांगून टाकलं होतं!

अर्चना पदर खोचून पुढे गेली. सरांनी रिव्हॉल्वर तिच्या हातात ठेवली, हात क्षणभर तसाच राहू दिला. मग शिट्टी गळ्यातून काढली, चपला काढल्या आणि येऊन माझ्या शेजारी रेषेवर उभे राहिले.

"एकतीस वर्षं दुसऱ्यांना पलवलं," ते म्हणाले. "आज मी पलतो."

अर्चनानं डोळे मिटून चाप ओढला. आम्ही सुटलो. सर पुढे, मी मागे, त्यांचा पांढरा शर्ट वाऱ्यानं फुगलेला. अख्खी शाळा "सर! सर!" ओरडत होती. सर शेवटून दुसरे आले. मी त्यांच्या मागे.

धापा टाकत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. "कैलासभाऊ, मला पुढे जाऊ दिलंत. मला कललं हां."

रुचिता मॅडमनी टाळ्या वाजवल्या. स्वरा माझ्याकडे अभिमानानं बघत होती. घरी येताना अर्चनासुद्धा म्हणाली, "किती मोठं मन आहे हो तुमचं!"

मी नुसता हसलो. आता तुम्हाला म्हणून सांगतो, त्यांना कळू देऊ नका. मी जीव तोडून पळत होतो!