नऊ मिनिटांचा बेजबाबदार नागरिक

सकाळचे साडेदहा वाजले तरी बेजबाबदार नागरिक आला नाही. दिग्दर्शकाने घड्याळाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि शेवटी भांडारपाल गोपाळकृष्ण रिसबुडांकडे पाहिलं.

"रिसबूड, आत बनियन घातलंय ना?"

"घातलंय. का हो?"

"मग शर्ट काढा."

हे १९९३ साल. शाळांसाठी नऊ-नऊ, दहा-दहा मिनिटांच्या शैक्षणिक फिल्म काढणारं एक कार्यालय तेव्हा पुण्यात होतं. विज्ञान, इतिहास आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचं सामान रिसबुडांच्या एकाच खोलीत सुखाने नांदत असे. लंबक, पुठ्ठ्याचा बुरूज, सात मावळ्यांचे फेटे आणि एक मतपेटी. एखादा फेटा संध्याकाळपर्यंत परत आला नाही, तर रिसबूड थेट मावळ्याच्या घरी जात. रविवारी भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, ते सायकलवरून एक पाय टेकून लाल दिव्यापाशी उभे राहत. चौकातला पोलीस कंटाळून म्हणे, "जा की हो काका." तर हे म्हणत, "होऊ दे हिरवा. घाई कुणाला आहे?"

अशा माणसाने त्या दिवशी नळ धो धो सोडून दाढी केली, केळं खाऊन साल रस्त्यावर भिरकावली आणि मतदानाच्या दिवशी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोप काढली. जबाबदार नागरिकाचं काम शिपाई दत्तोबाला मिळालं, कारण त्याच्या मिशा भरघोस होत्या. दत्तोबाने धावत येऊन नळ बंद केला, साल उचलली, बोटाला शाई लावून घेतली आणि शेवटचा शॉट संपल्यावर जिन्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात तंबाखूची पिंक टाकली. तोवर कॅमेरा बंद झाला होता.

शाळेचा टीव्ही तेव्हा लाकडी कपाटात, कुलपात असे. शिपाई किल्ली आणे, मुलं सतरंजीवर मांडी घालून बसत, पडद्यावर आधी मुंग्या येत, मग सनई वाजे आणि मग बनियनमधले रिसबूड येत. निवेदक खर्जात म्हणे, "हा पाहा, बेजबाबदार नागरिक." साठ मुलं श्वास रोखून पाहत. लंबक कुणाच्या लक्षात राहिला नाही, बुरूजही नाही. रिसबूड राहिले.

वर्षभरात नारायण पेठेत त्यांना मान वर करून चालणं अवघड झालं. खडकवासल्याची पातळी खाली गेली की आळीतले लोक आधी आभाळाकडे आणि मग रिसबुडांच्या मोरीकडे बघत. फळवाला केळी देताना म्हणे, "साली परत आणून द्याल का?" मतदान केंद्रावर सकाळी सात वाजता पहिला नंबर लावला, तर यादी चाळणारे मास्तर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "अरे वा! यंदा उठलात वाटतं."

दत्तोबाचं मात्र सोनं झालं. सव्वीस जानेवारीला त्याला तीन शाळांतून प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणी येत. तो 'नागरिकांची कर्तव्ये' या विषयावर बोले, आणि गालातली तंबाखू सांभाळत बोलावं लागत असल्याने फार धीरगंभीर वाटे.

रिसबुडांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून खुलासा केला, की तो केवळ अभिनय होता. पुढच्याच आठवड्यात एका वाचकाचं उत्तर छापून आलं : 'असा अभिनय अंगात असल्याशिवाय होत नाही.'

"अहो, पण तुम्ही एवढं मन लावून केलंत कशाला?" त्यांच्या पत्नी आनंदीबाई विचारत.

"कार्यालयीन काम होतं ते. अर्धवट कसं करणार?"

बघता बघता बारा वर्षं गेली. घरोघरी केबल आली, सायकली गेल्या, हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत रिसबुडांची मुलगी सुरुची कामाला लागली. शेजारच्या टेबलावर अवधूत नावाचा मुलगा होता. वर्षभरात दोघांचं आपसात ठरलं. उरली होती फक्त अवधूतची आई. श्यामलाबाई कर्वेनगरला राहत आणि जवळच्याच शाळेत शिकवत.

"काय शिकवतात?" रिसबुडांनी विचारलं.

सुरुचीने नजर चुकवली. "नागरिकशास्त्र."

रिसबूड चष्मा काढून पुसायला लागले.

"बाबा, आता केस पांढरे झालेत तुमचे. चष्मा आलाय. नाही ओळखणार. तुम्ही फक्त बसा. काहीही करू नका."

"बसतो."

"आणि चहा झाल्यावर कप उचलून आत नेऊ नका. उगाच संशय येतो."

रविवारी तिघंही कर्वेनगरला गेली. श्यामलाबाईंनी दार उघडलं आणि त्यांची नजर रिसबुडांवर अडकली.

"आपल्याला कुठेतरी पाहिलंय."

"पेठेत असेन," रिसबूड म्हणाले.

"नाही, पेठेत नाही. अगदी दरवर्षी पाहिल्यासारखं वाटतंय."

अवधूतने घाईघाईने पोह्यांच्या बशा पुढे केल्या. बोलणी मुहूर्तापर्यंत आली. आनंदीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेवढ्यात रिसबुडांच्या कानावर आवाज आला. टप. टप. टप. आत बेसिनचा नळ गळत होता.

सुरुचीने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. रिसबूड दोन मिनिटं बसले. तीन मिनिटं बसले. चौथ्या मिनिटाला "आलोच" म्हणून उठले. त्यांनी नळ हळूच आवळला. थेंब थांबेना. आणखी आवळला. मग जबाबदार माणूस जेवढा जोर लावेल तेवढा लावला, आणि नळाचं डोकं त्यांच्या हातात आलं.

पाण्याचा फवारा थेट छताला लागला. शर्ट ओला नको म्हणून रिसबुडांनी तो पटकन काढला आणि त्याचाच बोळा नळात कोंबला. श्यामलाबाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या. समोर धो धो पाणी, त्यात बनियनमधला माणूस.

"तुम्ही!" त्या किंचाळल्या. "तुम्ही तेच ना!"

त्या आवाजाने शेजारीपाजारी गोळा झाले. त्यातल्या निम्म्यांची मुलं श्यामलाबाईंची विद्यार्थी होती. "अगं आई, तो बघ, कॅसेटमधला!" जिन्यातून कुणीतरी ओरडलं. गच्चीवरच्या टाकीची चावी शोधून ती बंद करेपर्यंत टाकीतच काही उरलं नाही. सबंध इमारतीचं रविवारचं पाणी वाहून गेलं आणि तितका वेळ रिसबूड तो बोळा दोन्ही हातांनी दाबून धरून उभे होते.

फरशी पुसून झाल्यावर श्यामलाबाई खुर्चीत ताठ बसल्या.

"सुरुची मला पसंत आहे. पण माझी अडचण समजून घ्या. अकरा वर्षं दर जूनमध्ये मी यांना वर्गात दाखवतेय. पडद्यावर छडी ठेवून सांगतेय, बाळांनो, असं व्हायचं नाही. आता त्याच मुलांना पत्रिका कशी देऊ? यांना व्याही म्हणून कसं उभं करू?"

"आई, तो अभिनय होता," अवधूत म्हणाला.

"आणि आज झालं तो?"

सुरुचीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इमारतीत तेवढंच काय ते उरलं होतं.

शेवटी श्यामलाबाई म्हणाल्या, "एक करा. बुधवारी आठवीचा तास आहे. मुलांसमोर या आणि जे काय असेल ते सांगा. मुलांना पटलं तर मलाही पटलं."

बुधवारी रिसबूड इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. बरोबर दोन पानी निवेदन होतं. सेवापुस्तिकेची प्रत होती, बारा वर्षांच्या पाणीपट्टीच्या पावत्या होत्या. सुरुची आणि अवधूत रजा काढून शेवटच्या बाकावर बसले होते. कपाटाचं कुलूप उघडलं, पडद्यावर मुंग्या आल्या, सनई वाजली. चित्रातले रंग आता उडाले होते, तरी नऊ मिनिटं वर्गात कुणी जागचं हललं नाही. मग सगळ्या माना रिसबुडांकडे वळल्या.

"मुलांनो," रिसबुडांनी निवेदन उघडलं, "हा केवळ अभिनय होता. प्रत्यक्षात मी कधीही नळ उघडा ठेवलेला नाही. साल टाकलेली नाही. एकही मतदान चुकवलेलं नाही."

वर्गाचे चेहरे पडले. "असं सगळेच म्हणतात," खिडकीपाशी कुणीतरी पुटपुटलं. रिसबुडांनी पावत्या दाखवल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाने त्या उलट्यासुलट्या करून परत दिल्या. श्यामलाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. मागच्या बाकावर सुरुची खाली मान घालून बसली होती.

तेवढ्यात दीपमाला नावाची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "आजोबा, ते असू दे. पण तुम्ही मग सुधारलात की नाही?"

अठ्ठावन्न वर्षांत एकदाही खोटं न बोललेल्या रिसबुडांनी निवेदनाकडे पाहिलं. मग सुरुचीकडे पाहिलं.

"सुधारलो," ते म्हणाले.

वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. श्यामलाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि "बघा मुलांनो, माणूस बदलू शकतो," असं म्हणताना त्यांचा आवाजही जरा कापला. अवधूतने बाकाखाली सुरुचीचा हात धरला. रिसबूड थक्क होऊन उभे होते. बारा वर्षं खरं बोलून जे जमलं नव्हतं, ते एका शब्दात झालं होतं.

खिडकीपाशी पुन्हा हात वर झाला. "आजोबा, सुधारायच्या आधी, फिल्ममध्ये दाखवलं नाहीये असं आणखी काय काय करायचात?"

सगळा वर्ग पुढे झुकला. एवढ्या आदराने गोपाळकृष्ण रिसबुडांकडे आजवर कुणीही पाहिलं नव्हतं. त्यांनी निवेदनाची घडी करून खिशात घातली, खुर्ची मुलांच्या जवळ ओढली आणि आवाज जरा खाली आणून विचारलं,

"बाहेर कुणाला सांगणार नाही ना?"